आक्कांचा हिरवा

हिरवा म्हणजे हिरवा, त्यात काय एवढं बघायचं, असं आक्कांच्या समोर म्हणायची सोय नव्हती. म्हणणारा फसायचा. आक्का त्याला हाताला धरून खिडकीपाशी नेत, चार कागद नाकासमोर धरत आणि विचारत, "सांग बरं, यातला हिरवा कुठला?" चारी कागदांवर हिरव्याच रेघा असत. तो बिचारा गोंधळून एकावर बोट ठेवी.

"हा? हा शेवाळी. कधी हौदात डोकावला नाहीस वाटतं? हा काकडीचा. हा पोपटी, पोरांच्या झबल्याला बरा दिसेल. आणि हा तर हिरवा नव्हेच, हा आजारी पडलेला निळा."

"मग हिरवा कुठाय?"

"तोच तर शोधतेय मी," असं म्हणून आक्का कागद एप्रनच्या खिशात कोंबत आणि चपला फटफटवत वॉर्डात निघून जात.

आक्का म्हणजे द्वारकाबाई. नगरात माळीवाडा वेशीच्या आत आमचं प्रसूतिगृह होतं, तिथल्या त्या सर्वांत जुन्या नर्स. मी पुण्याहून शिकून नवी नवी तिथे लागले तेव्हा त्यांचे केस कानाशी पिकायला लागले होते. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि आवाज असा की व्हरांड्याच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाचं बाळ दचकायचं. कळा देणाऱ्या बाईला त्या जितक्या रागवायच्या तितकं तिच्या सासूनंही तिला कधी रागावलं नसेल, आणि तरी बाया हात धरून ठेवायच्या तो आक्कांचाच. आम्ही पोरी कुणी धांदल केली की त्यांचं ठरलेलं होतं, "घाई बाळाला असते गं, आपल्याला नाही."

लढाईचे दिवस होते. पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लष्करी गाड्यांची धूळ, किल्ल्यात मोठे पुढारी कोंडलेले, साखर रेशनवर. आमच्याकडे चहा गुळाचा व्हायचा. आक्का तो बशीत ओतून एका घोटात संपवायच्या आणि मिशा पुसल्यासारखा ओठांवरून हात फिरवायच्या. आम्ही हसलो की म्हणायच्या, "हसा. तुमच्या वयात मीही हसायचे. मग तुमच्यासारख्या शिकवायला मिळाल्या."

नऊवारी असो की पाचवारी, दवाखान्यात सगळ्यांना पांढरंच नेसावं लागे. हातात बांगडी नाही, कपाळावर असलं तर बारीकसं कुंकू. त्यामुळे आक्का विधवा आहेत हे मला महिनाभर कळलंसुद्धा नाही. कळलं ते घुगऱ्यांवरून. आमच्याकडे बाळंत झालेली बाई घरी गेली की बाराव्या दिवशी बारसं, आणि बारशाचं बोलावणं डॉक्टरीणबाईंना, आम्हा नर्सांना, अगदी झाडूवाल्या आयालासुद्धा. आक्कांना नाही. ज्या हातात बाळ पहिल्यांदा पडलं, तो हात पाळण्याला लागलेला चालायचा नाही. संध्याकाळी मात्र कुणीतरी पानात बांधून घुगऱ्या आणून द्यायचं.

माझा संताप संताप झाला. मी काहीतरी बोलायला गेले तर आक्का घुगऱ्या तोंडात टाकत म्हणाल्या, "अगं, मला घरपोच मिळतात. तुम्हाला उन्हातून चालत जावं लागतं."



तर ती शाई. बाळ जन्मलं की घरच्यांच्या हातात एक चिठ्ठी द्यायची आमच्याकडे पद्धत होती. मुलगा का मुलगी, वार कोणता, वेळ कोणती. ती चिठ्ठी जोशीबुवांकडे जायची आणि तिच्यावरून पत्रिका व्हायची. चिठ्ठ्या लिहायचं काम आक्कांचं, कारण अक्षर त्यांचं मोत्यासारखं. त्यांच्याकडे एक काळं फाउंटनपेन होतं. आमच्या आधीच्या डॉक्टरीणबाई विलायतेला परत जाताना देऊन गेल्या होत्या. पेनाबरोबर हिरव्या शाईची एक बाटलीही दिली होती, आणि तिथून आक्कांना हिरव्याचं वेड लागलं. ती बाटली संपली तशी त्यांनी कापडबाजारातून दुसरी आणली, मग तिसरी. त्यांना एकही पसंत नव्हती, पण निळ्याकडे परत जाणं त्यांच्या जिवावर येई.

मग लढाईनं बाटल्याच बंद झाल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, निळी-काळी न्या, हिरवी आता जर्मनी हरल्यावर." 

"जर्मनीला सांगा लवकर हरायला," असं म्हणून आक्का परत आल्या आणि स्वतःच शाई करायला बसल्या.

त्या दिवसांत आमच्या स्टाफरूमची जी दशा झाली ती बघण्यासारखी होती. खिडकीत ओळीनं बाटल्या. पहिल्यांदा त्यांनी बाळाच्या नाळेला लावायचं हिरवं औषध पेनात भरलं. रंग झकास होता, पण लिहिलं की कागदाच्या पाठीमागे उतरायचा, आणि दोन दिवसांत निबेवर त्याचे खडे जमून पेन जे बसलं ते गरम पाण्यात घालून उठवावं लागलं. आठवडाभर आक्कांची बोटं अशी हिरवी, की एका बाळंतिणीच्या नवऱ्यानं घाबरून विचारलं, बाईंना काही झालंय का. मग बाजारातली निळ्या शाईची पुडी आणून तीत हळद घातली. खाली हा साका बसला! मग कुणीतरी सांगितलं म्हणून डिंक घातला, तेव्हा पेनाचं झाकणच निघेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "द्वारकाबाई, हे बाळंतपण फार अडलंय, सोडून द्या."

"माझ्या हातचं बाळंतपण मी अर्धं सोडत नाही," आक्का म्हणाल्या.

शेवटी साळ्यांच्या आळीतल्या एका रंगाऱ्याकडून त्यांनी लुगड्याच्या काठाला लावतात तो हिरवा मागून आणला. तो उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायचा, आमच्या जखमेच्या जाळीतून गाळायचा, आणि बुरशी येऊ नये म्हणून वर कार्बोलिकचा थेंब. लिहायला ती फर्मास होती. फक्त चिठ्ठीला दवाखान्याचा वास यायचा. 

प्रत्येक शाईची परीक्षा त्या एकाच वाक्यानं घेत. कागदावर लिहीत, 'मुलगी झाली. दोघी सुखरूप.' मग तो कागद लांब धरत, जवळ धरत, मान वाकडी करत. मी एकदा विचारलं, दर वेळी मुलगीच का?

"मुलगा झाला हे कोळशानं भिंतीवर लिहिलं तरी लोक आनंदानं वाचतात," त्या म्हणाल्या. "मुलगी झाली हे चांगल्या शाईत लिहावं लागतं. वाचणाऱ्याचं तोंड पडता कामा नये."

रंगाऱ्याच्या शाईतही त्यांना काहीतरी खटकत होतं. "थंड आहे," म्हणायच्या. "हिरव्याला ऊब लागते." आता शाईला कसली ऊब? आम्ही एकमेकींकडे बघून डोळे मिचकवायचो.

अशात माझं लग्न ठरलं आणि झालं. सासर केडगावचं, शेतीवाडीचं घर. आक्का लग्नाला आल्या नाहीत. आदल्या दिवशी येऊन मागच्या दारानं मला साडी देऊन गेल्या. मी रुसले, तर म्हणाल्या, "मांडवात मला बघून तुझ्या सासूला फेफरं येईल. पहिल्याच दिवशी तुझ्यावर सासूची सेवा नको."

लग्नानंतर मी कामावर गेले ती कोपरापर्यंत हिरवा चुडा घेऊन. डॉक्टरीणबाईंनी हाताकडे बोट दाखवलं. बांगड्या घालून बाळंतपणाच्या खोलीत जायचं नाही हा नियम. घरी सांगितलं तर सासूबाईंनी छातीवर हात मारला. "आगं बया! नव्या सुनंचं हात मोकळं? सवा म्हयना चुडा हलायचा न्हाई. पायजे तर नोकरी सोड." दोन्हीकडून माझी पंचाईत. तोड काढली ती आक्कांनी. "चुडा आहे तोवर हिला टेबलावर बसवा. चिठ्ठ्यांचे कागद कापील, शाई गाळील."

तर मी खिडकीशी बसून शाई गाळत होते, आणि आक्का मागून आल्या. "थांब," म्हणाल्या. "हलू नकोस." त्यांनी माझं मनगट धरलं, उजेडाकडे वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. मला वाटलं नाडी बघतायत. मग खिशातून त्यांनी आपले ते कागद काढले आणि एकेक करून माझ्या बांगड्यांना लावून पाहिले. एकही जुळेना.

"हा," त्या हळूच म्हणाल्या. "हाच तो."

त्या दिवसापासून माझा हात माझा राहिला नाही. चहा पीत असले तरी आक्का येऊन बशी बाजूला करायच्या आणि मनगटाला कागद लावायच्या. "अजून निळा मारतोय. कुसे, हात काढू नकोस गं, तुझा हात म्हणजे माझं मोजमाप आहे."

पण सव्वा महिना झाला तरी रंग काही जुळला नाही, आणि चुडा तर उतरवायला आला. तो आपल्या हातानं उतरवायचा नसतो, कासाराकडून काढून घ्यायचा. मी कासाराकडे निघाले तशा आक्काही चपला घालून तयार. "मी येते. मला काही घ्यायचं नाही, नुसती येते."

कासारमामांचं दुकान वेशीजवळच होतं. मी आत बैठकीवर बसले. आक्का पायरीवरच थांबल्या. विधवा बाई कासाराच्या दुकानात चढत नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. मामांनी तेलाचा हात लावून एकेक बांगडी अलगद काढली. शेवटच्या एकीला मात्र हिसका बसला आणि ती वाढली. तुकडा उडून पायरीवर पडला तो नेमका आक्कांच्या पायाशी. आक्का चटकन वाकल्या आणि तो उचलून मुठीत धरला.

मामांनी ते पाहिलं. आक्कांनी त्यांच्या चारी पोरांना जगात आणलेलं, त्यामुळे त्यांचा जीव तुटला. "आक्का, ती वाढलेली कशाला घेता? चांगली देतो की."

"चांगली घेऊन काय करू, मामा? मला रंग हवाय, बांगडी नकोय."

परतताना आक्का कधी नव्हे त्या हळू चालत होत्या. वेशीपाशी आल्यावर आपण होऊन बोलायला लागल्या.

"लग्न झालं तेव्हा मी परकर नेसत होते. कासार घरी आला होता. आईनं विचारलं, कुठल्या हव्यात? मला कधी कुणी काही विचारलेलंच नव्हतं. मी त्याची सगळी पेटी उलटीपालटी केली. सगळे ओरडत होते, पोरी आटप, मुहूर्त टळेल. पण मला हवा तो हिरवा मिळेपर्यंत मी हात पुढं केला नाही." त्या थोड्या हसल्या. "वर्षाच्या आत नवरा गेला. तापानं. दोन बायकांनी माझे हात धरले आणि तिसरीनं पाटावर आपटून बांगड्या फोडल्या. मी जी काही रडले! सगळ्यांना वाटलं, केवढी ही नवऱ्याची माया. अगं, नवरा मी धड पाहिलासुद्धा नव्हता. बांगड्या मात्र मी निवडल्या होत्या."

मला रडू फुटलं. आक्कांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "डोळे पूस. लोक म्हणतील चुडा उतरवला म्हणून सून रडतेय, सासूला काय सांगशील?"

तो तुकडा त्यांनी टेबलाच्या कप्प्यात ठेवला आणि पुन्हा शाईच्या मागे लागल्या. आणि एका दुपारी ते जुळलं. जखमेवर लावायचं पिवळं औषध होतं आमच्याकडे, त्याचे दोन थेंब रंगाऱ्याच्या हिरव्यात पडले, आणि ती शाई एकदम जागी झाली. आक्कांनी लिहिलं, 'मुलगी झाली. दोघी सुखरूप.' काचेचा तुकडा अक्षरांवर ठेवला. काच कुठे संपते आणि शाई कुठे सुरू होते ते कळेना.

"झालं गं," त्या म्हणाल्या आणि मटकन खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी सगळ्या वॉर्डाला गुळाचा चहा आक्कांकडून. निम्मी शाई लुगड्यातली आणि निम्मी दवाखान्यातली, पण रंग सगळा आक्कांचा!

पुढची दोनेक वर्षं नगर तालुक्यात आणि खाली पार जामखेडपर्यंत जी पोरं आमच्याकडे जन्मली, त्यांची चिठ्ठी त्या हिरव्यात गेली. जोशीबुवा लांबूनच ओळखायचे. खेड्यापाड्यात तर बायाच एकमेकींना विचारायच्या, हिरव्या चिठ्ठीचं का? आक्कांच्या कानावर हे आलं की त्या वरवर म्हणायच्या, "लोकांना उद्योग नाहीत," आणि मग वॉर्डभर गुणगुणत हिंडायच्या.

एवढं सुख कुणाला बघवतं? शहरातल्या एका बड्या घरची सून आमच्याकडे बाळंत झाली. मुलगा झाला. चिठ्ठी घरी गेली तेव्हा आजीबाईंनी विचारलं, कुणी लिहिली? मग दुसऱ्या दिवशी तक्रार. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं हिरव्यात लिहावं, आणि ते आमच्या वंशाच्या दिव्याच्या पत्रिकेला लागावं! 

प्रसूतिगृह चालवणाऱ्या कमिटीचे सेक्रेटरी पेशानं वकील होते. आम्ही त्यांना वकीलसाहेबच म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण बड्या घरच्या माणसांपुढे त्यांचा कणा जरा मऊ व्हायचा. त्यांनी आक्कांना बोलावलं. "द्वारकाबाई, संस्थेच्या कागदावर एकच शाई हवी. ऑफिसातली निळी-काळी वापरा."

"आणि नाही वापरली तर?"

"मग चिठ्ठ्या दुसरं कुणी लिहील. आणि हुकूम मोडणाऱ्याला नोकरीवर ठेवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच."

आक्कांना मागेपुढे कुणी नव्हतं. राहायची खोलीसुद्धा प्रसूतिगृहाचीच. हिरवी बाटली त्यांनी बूच घट्ट लावून कपाटावर ठेवली, काचेचा तुकडा तिच्या मागे सरकवला, आणि ऑफिसातली दौत पुढे ओढली. काम त्या पहिल्यासारखंच करायच्या. पण रंगांना नावं ठेवणं थांबलं. चहाची बशी निवून जायची. मला आत कुठंतरी भीती वाटायला लागली. बांगड्या फोडल्या तेव्हा ती परकर नेसणारी पोर निदान रडली तरी होती, आता आक्का रडतही नव्हत्या.

पण वकीलसाहेबांच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. ती निळी-काळी शाई, कागदावर वाळली की काळीच दिसायची.

पहिली ठिणगी पाडली ती जामखेडकडच्या एका म्हातारीनं. बैलगाडीतून सुनेला घेऊन आलेली. नात झाली. चिठ्ठी हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली, आणि आक्कांच्या अंगावर आली. "ह्ये काय वो बाई? काळं?"

"तीच शाई आहे आता, आजी."

"लेकराच्या पयल्या कागदाला काळं? आन् वार कोन्ता, शनवार! लई झालं! आमच्या गावात समद्यांची हिरवी हाय. माज्या थोरल्याच्या पोराची हिरवी, त्या पाटलाच्या पोरीची हिरवी. माज्याच नातीनं काय घोडं मारलं?"

"हुकूम आहे, आजी."

"कुनाचा? बाप्याचाच आसंल!" म्हातारीनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. "न्हाई न्यायची मी."

आणि खरंच नेली नाही. मग दुसरी आली, तिसरी आली. काळ्या चिठ्ठ्या टेबलावर पडून राहायला लागल्या. लोक डॉक्टरीणबाईंकडे गाऱ्हाणं घेऊन जात, डॉक्टरीणबाई वकीलसाहेबांना सांगत, आणि वकीलसाहेब म्हणत, "अडाणी लोक. शाईत काय आहे?" आक्का खालमानेनं लिहीत राहायच्या.

मग वकीलसाहेबांची स्वतःची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरगी नाजूक, आणि दोन दिवस अडली. डॉक्टरीणबाई होत्याच, पण पोरीनं हात धरला तो आक्कांचा, आणि सोडला तो दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ रडल्यावर. मुलगी झाली. मी बाहेर व्हरांड्यात होते. वकीलसाहेब कोट चुरगळून बाकावर बसलेले, आणि त्यांच्या पत्नी, माई, गजाननाला पाण्यात ठेवायचं तेवढं बाकी ठेवून येरझाऱ्या घालत होत्या.

आक्का आल्या. घामानं भिजलेल्या, पदर खोचलेला. "दोघी सुखरूप आहेत," म्हणाल्या आणि चिठ्ठी पुढे केली.

माईंनी ती डोळ्यांना लावायला म्हणून उचलली आणि हात मध्येच थांबला. "अगंबाई, काळ्या शाईत?"

"साहेबांचा हुकूम आहे," आक्का म्हणाल्या. आवाज अगदी गरीब गाईचा.

माई नवऱ्याकडे वळल्या. "तुमचा? माझ्या नातीचं या जगातलं पहिलं अक्षर, ते काळं?"

"अगं, ती निळी-काळी असते," वकीलसाहेब म्हणाले.

"मला डोळे आहेत. निळं कुठाय यात, दाखवा!" कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, चष्मा पुसायला लागला. शेवटी म्हणाले, "द्वारकाबाई, त्या तुमच्या ह्याच्यात लिहा. हिरव्यात."

मला वाटलं, आक्का आता धावत कपाटाकडे जातील. त्या जागच्या हलल्या नाहीत. 

"लिहीन," त्या म्हणाल्या. "पण आधी घरात विचारा. विधवेच्या हातचं हिरवं चालेल का? नंतर ते बदलायला कुणी सांगू नये. माझ्याच्यानं पुन्हा व्हायचं नाही ते."

आक्कांचा आवाज शेवटच्या शब्दावर जरासा फाटला होता, आणि तसा तो मी पहिल्यांदाच ऐकला.

माईंनी चिठ्ठी घडी करून नवऱ्याच्या कोटाच्या खिशात कोंबली. मग त्या आक्कांजवळ गेल्या. "दोन दिवस माझी लेक तुमच्या हातात होती. बाळ तुमच्या हातात पडलं. तो हात आम्हाला चालला, तर त्या हातचं अक्षर कसं नाही चालणार? लिहा तुम्ही. आणि जी कोणी आजीबाई तक्रार करील, तिला माझ्याकडे पाठवा."

मी स्टुलावर चढून बाटली काढली. वर धूळ बसली होती, आत शाई तशीच होती. आक्कांनी पेन धुतलं, भरलं, आणि लिहिलं, 'मुलगी झाली. दोघी सुखरूप.' या वेळी परीक्षेपुरतं नव्हतं.

बाराव्या दिवसाआधी माई स्वतः टांग्यातून आल्या, आक्कांना बारशाचं बोलावणं करायला. आक्का म्हणाल्या, "कशाला उगीच? माझ्या घुगऱ्या द्या पाठवून."

"पाठवणार नाही. खायच्या असतील तर या."

मग काय, गेलो आम्ही. आक्कांनी पेटीतलं पांढरंशुभ्र पातळ काढलं होतं. खांबाला टेकून बसल्या, बाळाला लांबून बघत. सुवासिनींना बांगड्या भरायला कासारमामा आले होते. माझ्या हातात बांगडी चढली तशा आक्का न राहवून उठल्या, कमरेला खोचलेला कागद काढला आणि त्या बांगडीला लावला.

"मामा, तुमचा रंग उतरलाय. माझा बघा."

सगळ्या हसल्या. मामाही ओशाळून हसले. "लढाई हाय आक्का, माल कुठला चांगला येतोय?" मग त्यांनी पेटीच्या तळाशी हात घातला आणि जुन्या कागदात गुंडाळलेला एक जुडगा वर काढला. "ह्यो आधीचा. ह्यो बघा."

कागद सुटला, आणि आतला तो हिरवा बघून आक्का पुढे वाकल्या.

माई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "निवडा," त्या म्हणाल्या.

"मला काय करायच्यात बाई?"

"घालू नका हवं तर. निवडा तर खरं."

आक्का खाली बसल्या. एकेक बांगडी उचलायच्या, उजेडात धरायच्या, परत ठेवायच्या. पाळण्याचं गाणं अडलं होतं, घुगऱ्या निवत होत्या, कुणीतरी म्हणालं, मुहूर्त टळेल. माईंनी नुसता हात वर करून तिला गप्प केलं. शेवटी आक्कांनी एक बांगडी बाजूला काढली, पदराच्या टोकात बांधली आणि म्हणाल्या, "आता घुगऱ्या."

दुसऱ्या दिवशी टेबलावर बघते तर शाईच्या बाटलीच्या गळ्यात ती बांगडी. बाटली उचलली की किणकिणायची. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "नियम हाताला आहे. बाटलीला कुठं बाळंतपण करायचंय?"

लढाई संपली, विलायती शाई परत दुकानात आली, आक्कांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे जामखेडला दवाखाना निघाला आणि तिथे कुणी अनुभवी बाई हवी म्हणून आक्का आपण होऊन निघाल्या. मी सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावर पोचवायला गेले होते, माझी पोरगी कडेवर घेऊन. तिची चिठ्ठीही हिरवीच. आक्कांची ट्रंक टपावर चढली, वळकटी चढली. बाटली मात्र त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. खिडकीशी बसून मांडीवर घेतली.

"आक्का, तिकडं कुणी पुन्हा काही म्हणालं तर?" मी विचारलं. 

"म्हणू देत." त्यांनी खिडकीतून हात काढून पोरीचा गाल ओढला. शाईचं बोट उमटलं गालावर. "कुसे, ही मी दुसऱ्यांदा निवडलीय. आता कुणाला फोडू देते का!"

मोटार सुरू झाली. रस्ता सगळा खड्ड्यांचा. गाडी हिसके देत वळली आणि इंजिनाच्या एवढ्या धडधडाटातही मला ती बांगडी बाटलीवर वाजताना ऐकू आली. आक्कांनाही आली असावी, कारण त्यांनी तिच्यावर हात ठेवला नाही. तशीच वाजू दिली. मी पोरीच्या गालावरचं हिरवं न पुसता घरी आले.